नवी गाडी, पेराल्टाची वाट

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्सला आल्यापासून जवळची सुपरस्टिशनची डोंगररांग आम्ही हमरस्त्यावरूनच पाहत होतो, कारण पेराल्टा पायवाटेकडे जाणारा रस्ता बराचसा कच्चा आणि आमची जुनी गाडी अगदी बुटकी होती. गेल्या महिन्यात उंच बांधणीची नवी गाडी आली, सासूबाईंनी चाकांखाली लिंबे ठेवून नारळ फोडला आणि पहिल्याच रविवारी, ऊन चढण्याआधी, आम्ही माणशी ३ लिटर पाणी घेऊन निघालो.

फ्रेमाँट खिंडीपर्यंत सुमारे ४ किलोमीटरची वाट ४०० मीटर चढते आणि खिंडीत पाऊल ठेवताच वीव्हर्स नीडलचा सुळका एकदम समोर उभा राहतो. वाटेतल्या सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायला ५० ते ७५ वर्षे लागतात, हे ऐकून सासूबाईंनी एका बहुशाखी निवडुंगाला चक्क नमस्कार केला. चोया निवडुंगाला मात्र नमस्कार लांबूनच करावा. त्याच्या फांदीचा एक काटेरी गोळा लेकाच्या पोटरीत रुतला, तेव्हा हाताने न ओढता कंगव्याचे दात खालून घालून तो उडवावा लागला.

परतल्यावर नव्या गाडीचा मूळ रंग कोणता, हे ओळखू येत नव्हते आणि मागच्या आसनातले काटे मी अजूनही चिमट्याने वेचतो आहे.