दोरावरचा मुलगा

संकष्टीची दुपार होती. साबुदाणा उशिरा भिजत घातल्यामुळे खिचडी चिवट झाली होती. तिच्याशी माझी झटापट चालू असताना आतल्या खोलीतून हाक आली, "मावशी, खलिता म्हणजे काय गं?"

भाचा मे महिन्याच्या सुट्टीत राहायला आलाय. वय अकरा. त्याच्या आईने मोबाइल काढून घेतला आणि हातात एक ऐतिहासिक कादंबरी ठेवली, 'किशोरांसाठी' असं वरच छापलेली. दोन दिवस ती उशीखाली पडून होती. तिसऱ्या दिवशी पाय भिंतीला लावून, डोकं पलंगावरून खाली सोडून त्याने वाचायला घेतली.

"पत्र," मी म्हटलं. "म्हणजे पत्राची थैली. आतल्या पत्रालाही म्हणतात."

"मग तो ते मुंडाशात का लपवतो?"

घास तोंडात तसाच राहिला. तो? तो अजून आहे?

तुम्हीही त्याला ओळखता. वय बारा ते चौदाच्या मधलं. बाप कुठल्याशा लढाईत पडलेला, आई खाटेला खिळलेली. गुरं राखतो, गोफण अचूक मारतो, रानातल्या चोरवाटा तळहातासारख्या पाठ. पहिल्याच प्रकरणात त्याला ओढ्याकाठी एक गोसावी भेटतो. हा गोसावी म्हणजे बहिर्जी नाईक असणार हे आपल्याला तिसऱ्या ओळीत कळतं. त्याला कळायला पाच प्रकरणं जातात. मग खलिता, मग काळोखी रात्र, मग कडा. शेवटच्या पानावर महाराज स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं काढून त्याला देतात. त्या कड्याचं पुढे काय होतं हे मला कोणी कधी सांगितलं नाही. मोडून बैल घेतला का? की मोठ्यांच्या मनगटाचं कडं बारा वर्षांच्या हातातून रोज गळून पडत राहिलं?

माझा त्याच्याशी जुना हिशेब आहे.

साताऱ्याला आमच्या मागच्या दारातून अजिंक्यतारा दिसायचा. जवळच एक छोटं वाचनालय होतं. पुस्तकांना खाकी कव्हरं, त्यावर शाईने घातलेले नंबर, आणि मुलांचं कपाट सगळ्यात खाली, म्हणजे निवडायचं तर फरशीवर मांडी घालूनच बसायचं. तिथून एका सुट्टीत मी एक कादंबरी आणली. मुखपृष्ठ आधीच गेलेलं, त्यामुळे नाव आजही माहीत नाही, लेखकही नाही. रात्री कंदिलाजवळ (वीज गेली होती, उगाच जुन्या काळाचा आव आणत नाही) वाचत वाचत मी कड्यापाशी पोचले. मुलगा दोरावर. वर पहारेकरी मशाल घेऊन वाकून बघतोय. दोराचा एक पीळ सुटला. दुसरा सुटला.

आणि पुस्तक संपलं. शेवटचा अख्खा फर्माच नव्हता. सोळा पानं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीपासून मी पायरीवर. तिथल्या काकांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, "असंच आहे ते," म्हणाले, आणि परत कपाटात ठेवून दिलं. पुढच्या माणसासाठी! हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि त्यातून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या, तेव्हाचे वाचकही असेच कुठे ना कुठे लटकत असणार. पण ते आठवडाभर. माझा मुलगा त्या दोराला लटकल्याला आता पंचेचाळीस वर्षं होतील.

त्या वर्षी मी त्याला खूपदा सोडवलं. कधी खाली झाड होतं, कधी पहारेकरीच आतून फितूर होता. एकदा त्याला पाडूनही बघितलं, मग रात्री झोप लागेना म्हणून सकाळी परत दोरावर चढवला. अजिंक्यताऱ्यावर शाळेची सहल गेली तेव्हा सगळी मुलं डबे उघडून बसली होती आणि मी तटाशी ओणवी होऊन तो कडा कोणता असेल ते शोधत होते. बाईंनी वेणीला धरून मागे ओढलं.

दिवाळीत दादा आणि त्याचे मित्र अंगणात किल्ला करायचे. पोती, विटा, शेणमाती, वर पेरलेले अळीव. महाराज सिंहासनावर, महादरवाजाशेजारी शिट्टी वाजवणारा खाकी पोलीस, आणि बालेकिल्ल्याहून मोठा वाघ. मला काम एकच, "तू पुढे रांगोळी काढ." त्या कादंबऱ्यांतही मुलींना एवढंच काम असायचं. बहीण असलीच तर ती पहिल्या प्रकरणात भावाला ओवाळायची आणि मग थेट शेवटच्या प्रकरणात पुन्हा ओवाळायची, मधली दीडशे पानं ताम्हन धरून उभी. मी बहीण व्हायला साफ नकार दिला होता. वाचताना मी तोच व्हायचे, मुंडासं बांधून, वेणी आत खोचून. तर त्या दिवाळीत कोणी बघत नसताना मी एका मावळ्याच्या कमरेला आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधला आणि त्याला तटाच्या मध्यावर लटकवलं. दादाने पाहिलं. "किल्ल्यावर असं कोण लटकतं?" म्हणून ओढला, त्यात मावळ्याचा पाय गेला. लंगडा मावळा पुढे कितीतरी वर्षं माझ्या कंपासपेटीत होता.

लंगड्यावरून घोरपड आठवली. का ते विचारू नका. तानाजीची घोरपड आम्हाला इतकी खरी होती की कुंपणावरच्या सरड्यालाही आम्ही दोरा बांधून पाहिला होता. वडिलांनी एकदा जेवताना सहज सांगून टाकलं की घोरपड पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढले एवढंच आहे. वर हेही, की तानाजी पडायच्या आधीच्या पत्रांतही 'सिंहगड' हे नाव सापडतं. दादा ताटावरून उठून गेला. मला मात्र वानरासारखं चढणं जास्त आवडलं. घोरपडीला दोर बांधून कोणीही चढेल.

वडिलांचं हे असंच होतं. माझ्या हातातल्या एका कादंबरीत तानाजीबरोबर कडा चढणारा मुलगा टिपूर चांदण्यात पहारेकऱ्यांची सावली मोजत होता. वडील चष्म्यावरून म्हणाले, "तिथी काय दिली आहे गं?"

"माघ वद्य नवमी."

"संकष्टीला तुझी आई जेवायची खोळंबते ती किती वाजेपर्यंत?"

"नऊ, साडेनऊ."

"ती चतुर्थी. त्यानंतर चंद्र रोज पाऊण तास, तासभर उशिरा उगवतो. मग नवमीला किती वाजता?"

मी बोटं मोजली. मध्यरात्र उलटून गेली. ४ फेब्रुवारी १६७०च्या त्या रात्रीचं पहिल्या प्रहरातलं चांदणं माझ्या डोळ्यांदेखत विझलं, आणि तो मुलगा अंधारात राहिला. पण गंमत अशी की अंधारात तो मला जास्त खरा वाटायला लागला. तेव्हापासून ही खोड लागली ती लागलीच. कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीत रात्र आली की मी आधी तिथी बघते. कोणी 'पाच मिनिटं' थांबलं की माझं डोकं उठतं. चोवीस मिनिटांची घटका आहे, चोवीस सेकंदांचं पळ आहे, तीन तासांचा प्रहर आहे, एवढा ऐवज हाताशी असताना मिनिटं कशाला उसनी आणायची? काडी ओढून दिवा लावला की पुस्तक मिटते, आगकाडी एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी चकमक आणि गारगोटी झाडत बसावं लागे. भाकरीबरोबर मिरची चालेल, ती पोर्तुगीजांबरोबर येऊन दख्खनेत रुळली होती. पण मागे एका कादंबरीत जिजाऊसाहेबांच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी आली. साबुदाण्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपण खातो त्या साबुदाण्याचे कारखाने सेलमकडे निघाले ते १९४०च्या दशकात. भगर लिहिली असती तर काय बिघडलं असतं? मी पेन्सिलीने समासात 'भगर' असं लिहून ठेवलं. पुस्तक दुसऱ्याचं होतं.

हे मी भाच्याला सांगायला गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तो पोचतो का?"

"कोण?"

"तो मुलगा. खलिता घेऊन."

"पोचतो रे. कडंही मिळतं."

"सांगितलंस कशाला!" तो चिडून परत उलटा झाला. थोड्या वेळाने पुस्तकाआडून, "तो खरा होता का?"

नव्हता. बखरीत नाही, पत्रांत नाही. गडावरचे हवालदार, सबनीस, सरनोबत सापडतात. बारा वर्षांचा गुराखी सापडत नाही; कोणी लिहून ठेवणार तरी कशाला? मी म्हटलं, "तो खोटा. पण एक खरा मुलगा होता."

म्हटलं खरं, आणि मग गप्प बसले, कारण त्या मुलाचा मी कधी नीट विचारच केला नव्हता. चौथीच्या पुस्तकात आग्र्याची सुटका वाचताना आमचं सगळं लक्ष पेटाऱ्यांकडे. मिठाई कुठली असेल, पेढे की बर्फी, यावरून वर्गात दोन तट. संभाजीराजे त्यात 'बाळ संभाजी' म्हणून एका ओळीत येऊन जायचे. जन्म १४ मे १६५७, पुरंदरावर. दोन वर्षांचे असताना आई गेली. १२ मे १६६६ला आग्र्याच्या दरबारात उभे होते तेव्हा नववं वर्ष पुरं व्हायला दोन दिवस होते. १७ ऑगस्टला सुटका झाली आणि मग महाराजांनी त्यांना मथुरेत ठेवलं, मोरोपंतांच्या नात्यातल्या ब्राह्मणांच्या घरी. वडील वेष पालटून पुढे निघून गेले. मुलगा वाटेत वारला अशी हूल उठवली, म्हणजे शोध थांबेल.

हूल म्हणून ठीक आहे. पण मथुरेतल्या त्या घरात दुपारी काय होत असेल? लोकांच्या घरी, लोकांचा मुलगा म्हणून राहायचं. हाक मारली तर भलत्याच नावाला ओ द्यायची. घरात मराठी बोलत असतील, पण अंगणात कोणी आलं की? रडायचं असेल तर कशासाठी म्हणून रडायचं? आणि इकडे आपण वारल्याची बातमी फिरतेय. त्याला ती कळली असेल का? सांगतात, की मुलाला घेऊन दक्षिणेकडे यायला निघाल्यावर वाटेत मोगलांच्या माणसाला संशय आला. आमचाच मुलगा, असं ब्राह्मण म्हणाला. असेल तर एका ताटात जेवून दाखवा. आणि ते जेवले. खरं किती, पोवाड्यातलं किती, वडील असते तर सांगितलं असतं.

पण त्या ताटात काय वाढलेलं होतं हे मला आज पहिल्यांदाच जाणून घ्यावंसं वाटलं. आणि चूक काढायला नाही.

"मग तो घरी पोचला का?" भाच्याने विचारलं.

"पोचला. उशिरा, पण राजगडावर पोचला."

"आणि पुढे?"

पुढचं त्याला ठाऊक आहे, सगळ्यांनाच आहे. मी उत्तर दिलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही, पान उलटलं. मग पुस्तकातून डोकं वर न काढता हात लांब केला आणि माझ्या ताटलीतली खिचडी खायला लागला. त्याचा उपासही नव्हता.