फ्लॉपी वाचली, आता अक्षरं वाचा

फ्लॉपीवरच्या सोसायटीच्या याद्या, शाळेचे निकाल, लग्नाच्या सीड्या, सगळं लोखंडी आलमारीत. आणि आलमारी नेमकी कूलरच्या खोलीत. उन्हाळाभर ओली हवा, मागून पावसाळा. फ्लॉपीला बुरशी लागते ती अशी.

म्हणून ड्राइव्हमध्ये घालण्याआधी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवा आणि आतली चकती बोटानं फिरवून पाहा. करडे ठिपके असतील तर ती तशीच घालू नका. घाण ड्राइव्हच्या हेडवर, म्हणजे वाचणाऱ्या टोकावर बसते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं. कापसाच्या काडीला लावून हलक्या हातानं दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती छोटी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंचीच वाचतो, सव्वापाच इंची नाही. विंडोजनं 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर नाही म्हणा. फायली एकेक ओढत बसू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल घ्या: पहिल्या फेरीत सोपं तेवढं उचलायचं, मग खराब जागांवर तीन फेऱ्या. मॅपफाइल, म्हणजे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद, मात्र विसरू नका. लाइट गेली तरी तिच्यामुळं काम थांबलं तिथूनच पुढं सुरू होतं, आणि तीच मॅपफाइल देऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेले सेक्टर, म्हणजे चकतीवरचे छोटे कप्पे, वाचता येतात. १.४४ एमबीची इमेज नेमकी १४,७४,५६० बाइट भरते.

सीडीलाही हीच रीत, फक्त सेक्टर २०४८ बाइटचा. चमकत्या बाजूचा ओरखडा पॉलिशनं जातो. नावाच्या बाजूचा थर उडाला तर तेवढा डेटा गेला, कारण तो त्याच थराखाली असतो.

खरी डोकेदुखी पुढं आहे. इमेज मिळते, फाइल उघडते, आणि आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो कचरा नाही, जुन्या फॉन्टातली मराठी आहे. कृतिदेव या फॉन्टमधला 'राम' नोटपॅडमध्ये जे-के-ई असा दिसतो. श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टांची मांडणी वेगळी, त्यामुळं कृतिदेवचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, तिथं चालत नाही. आधी फॉन्ट ओळखा. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवरच काम करा.

कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी येते, रफार अक्षरानंतर. कन्व्हर्टर चुकतो तो इथंच. रूपांतर झाल्यावर यादीत 'वर्धा' आणि 'हिंगणघाट' शोधा. एकात रफार, दुसऱ्यात वेलांटी; दोन्ही नीट उमटले असतील तरच पुढच्या फायली घ्या.