राहिलेली गोळी

मंगळवार, रात्री

काल अण्णांची गोळी राहिली. साखरपुड्याची पंगत बसायलाच चार वाजले, गोळ्यांचा डबा घरी, आणि परत आल्यावर जो तो आडवा. सकाळी बघितलं तर 'सोम'चा कप्पा भरलेला. अण्णा शांतपणे म्हणाले, "मग आज दोन घेतो. हिशेब मिटला." एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला, भरणा जुळल्याशिवाय डेपोतून पाय न काढणारा माणूस.

पण ही अण्णांच्या रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी, इमॅटिनिब आहे, ४०० मिलिग्रॅमची. दोन घेतल्या तर कालचं काही भरून निघत नाही. उलट मळमळ, उलट्या, सूज हे सगळं वाढायला निमित्त. "अण्णा, फोन करेपर्यंत एकही घेऊ नका," म्हटलं आणि हॉस्पिटलातल्या डे-केअरच्या सिस्टरना लावला. त्यांनी विचारलं, रोज किती वाजता घेतात? दुपारी एकला, जेवणाबरोबर. उलटी, ताप काही? नाही. मग म्हणाल्या, कालची सोडून द्या. आजची नेहमीच्या वेळी, जेवणासोबत, ग्लासभर पाण्याबरोबर. काल संध्याकाळी आठवली असती तर तेव्हाच काही खाऊन घेता आली असती; आता पुढच्या गोळीची वेळ जवळ आली.

अण्णांना पटलं नाही. "म्हणजे एक दिवस फुकट?" फुकट नाही. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १८ तास लागतात. एका दिवसात सगळं धुऊन जात नाही.

समोरच्या वहिनींच्या गोळ्यांचा नियम मात्र निराळा. त्यांना कॅपेसिटाबिन आहे, तीही कॅन्सरचीच पण वेगळी गोळी, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुट्टी. तिथे राहिलेली वेळ राहिलीच. मागाहून घ्यायची नाही, आणि उरलेल्या गोळ्या सुट्टीच्या आठवड्यात तर मुळीच नाही. म्हणून "आमच्याकडे असं सांगितलंय" हे एकमेकींना सांगण्यात अर्थ नसतो. वहिनींना एवढंच म्हटलं, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी आपल्या मनाने दुसरी घ्यायची नाही, हे मात्र दोघींनाही सांगितलं होतं.

मला धास्ती कालच्या एका गोळीची नाही. लग्नसराई आत्ता कुठे सुरू झाली आहे. २०१० साली लंडनमधल्या डॉक्टरांनी अण्णांच्याच आजाराच्या, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांना बाटली उघडल्याची नोंद ठेवणारी झाकणं लावली होती. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांचा आजार हवा तेवढा खाली येण्याचं प्रमाण फारच कमी निघालं. महिन्यात तीन चुकल्या की झाले ९० टक्के. आणि अशा माणसाला बाहेरून काहीच कळत नाही. अंगात बळ असतं, भूक लागते. कळतं ते तीन महिन्यांनी, आजार किती उरलाय ते मोजणाऱ्या रक्ततपासणीच्या, बीसीआर-एबीएलच्या रिपोर्टात.

काही जण तर पैशापायी दिवसाआड घेतात. ते बोलून दाखवत नाहीत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या औषध कंपनीचा इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली, नाहीतर आमच्यासारख्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

दुपारी अण्णांनी एकच घेतली, तीही माझ्याकडे रोखून बघत. आता माझं म्हणणं, गोळी रात्रीच्या जेवणावर न्यावी. रात्री आपण घरीच असतो. अण्णा म्हणतात, रात्री एवढं पाणी प्यायलो तर तीनदा उठावं लागेल, आणि अंधारात पडलो तर त्याला कोण जबाबदार? यावर मला उत्तर सुचलं नाही. शुक्रवारी ओपीडी आहे, वेळ बदलायची तर कशी हे तेव्हाच विचारू. रविवारच्या लग्नाला मात्र स्ट्रिप माझ्या पर्समध्ये, आणि अण्णांची पंगत पहिली. मुलीकडच्यांशी मी बोलून ठेवलं आहे.