ओकच्या खोडावरचा हिरवा पतंग: शोधायचा कसा, टिपायचा कसा

इकडे इंग्लंडमध्ये सप्टेंबर सरत आला की जुन्या ओकच्या खोडांवर मर्व्हेल द्यू जूर नावाचा पतंग शोधायचे दिवस येतात. शास्त्रीय नाव ग्रिपोसिया ॲप्रिलिना. ऑक्टोबर संपेपर्यंतच काय तो दिसणार. फिकट हिरवे पंख, त्यांवर पांढऱ्या कडांची काळी नागमोडी नक्षी. ओकवर वाढणाऱ्या दगडफुलाचाही रंग तोच आणि मधल्या भेगाही तशाच काळ्या. हातभर अंतरावरूनही नजर त्याच्यावरून पुढे निघून जाते.

म्हणून शोधताना रंगाचा नाद सोडा. खोडाकडे समोरून न बघता बाजूने, सालीच्या कडेने नजर टाका. पतंग पंख छपरासारखे उतरते मिटून बसतो, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उजेडात दोन-अडीच सेंटिमीटरचा उंचवटा आणि त्याची बारीक सावली उठून दिसते. दुसरी खूण सममितीची. दगडफूल वेडंवाकडं पसरतं. डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी दिसली की तिथेच थांबा. हा पतंग रात्री आयव्ही या वेलीच्या फुलांवर मध प्यायला येतो, तेव्हा बहरलेली आयव्ही जवळ असलेल्या ओकपासून सुरुवात केलेली बरी. वेळ सकाळची, गारठा असतानाची. थंड अंगाने त्याला लगेच उडता येत नाही. पंख थरथरू लागले तर तो उडण्यासाठी अंग तापवतोय असं समजा आणि मागे सरका.

पहिला फोटो दीड मीटरवरून घ्या, आजूबाजूची साल आणि दगडफूल पुरेसं येईल असा. माझ्या मते खरा फोटो हाच, कारण पतंग कसा लपलाय ते यातच कळतं. जवळचे फोटो नंतर.

त्यासाठी ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स आणि ट्रायपॉड हवा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ/८ ते एफ/११ ठेवा; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा खऱ्या आकाराएवढी असताना, एफ/११ वरही जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते. १:२ वर, म्हणजे अर्ध्या आकारात, ती चार मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणून १:२ वरच थांबावं आणि सेन्सर पतंगाच्या पाठीला समांतर ठेवावा. एफ/२२ पर्यंत गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, पंखांवरच्या खवल्यांचे बारकावे पुसट होतात. जाड खोड वाऱ्याने हलत नाही, त्यामुळे दोन सेकंदांचा टायमर लावून १/१५ सेकंदही चालतो आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागत नाही.

ऑटोफोकस इथे हमखास फसतो. सालीच्या भेगांचा कॉन्ट्रास्ट जास्त, तो तिकडेच धावतो. फोकस हाताने, डोळ्यावर करा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारला तर सावल्या मरतात आणि ज्या उंचवट्यामुळे पतंग सापडला तोच सपाट होतो. लागलाच तर डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून बाजूने मारा. पानांतून झिरपणारा उजेड सगळ्यालाच पिवळट-हिरवी झाक देतो, तेव्हा रॉमध्ये (सेन्सरचा मूळ डेटा राखणाऱ्या फाइलमध्ये) घ्या आणि नंतर रंग जुळवायला एक फोटो ग्रे कार्डासह (राखाडी पुठ्ठ्यासह) काढा.

चांगल्या पार्श्वभूमीसाठी पतंग उचलून दुसऱ्या खोडावर ठेवू नका. पंखांचे खवले गळतातच, शिवाय त्याने निवडलेली जागा ही खरी माहिती असते, तीच जाते. उत्क्रांतीचं गाजलेलं उदाहरण असलेल्या पेपर्ड मॉथ या पतंगाचे पाठ्यपुस्तकांत छापले गेलेले बरेच फोटो मेलेले पतंग खोडावर लावून काढलेले होते. पुढे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मायकेल मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिजला निरीक्षणं केली, तेव्हा दिसलं की हे पतंग आपणहून बसतात ते खोडापेक्षा आडव्या फांद्यांवर जास्त.

फोटोसोबत तारीख, बघणाऱ्याचं नाव, पतंगाची जात आणि सहा अंकी ग्रिड रेफरन्स (ब्रिटनच्या नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा) लिहून ठेवा. हा रेफरन्स शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगतो. इथे काउंटीगणिक (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) पतंगांच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्डर असतात, त्यांना नेमकं एवढंच लागतं.