बोरघाट 1:87 प्रमाणात: कडे, खडी आणि बँकर

मागील नोंदीत लाकडी सांगाडा आणि रुळांची मांडणी यांविषयी लिहिले होते. त्यानंतर कड्यांचे काम, खडी भरणे आणि बँकर इंजिनांची (चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनांची) जुळवणी एवढा टप्पा पार पडला आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो की मॉडेल रेल्वेचा हा लेआउट कर्जत ते खंडाळा या घाटमार्गाचा असून प्रमाण एचओ, म्हणजे 1:87 आहे. काळ 1985च्या आसपासचा धरला आहे. तेव्हा घाटात 1500 व्होल्ट डीसी प्रवाह होता आणि डब्ल्यूसीजी-2 ही विजेची इंजिने गाड्यांना मागून रेटा देत असत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने 1863 मध्ये हा मार्ग खुला केला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन होते. ते 1929 मध्ये बंद झाल्यामुळे माझ्या काळाबाहेर पडते, आणि बारा फूट बाय अकरा फुटांच्या खोलीत त्याला जागा शोधण्याचा प्रश्नही आपोआप मिटतो.

घाटाचा कमाल चढ 37 फुटांत 1 फूट आहे. हा चढ मॉडेलवर जसाच्या तसा उतरवता येतो, ही या विषयाची मोठी सोय होय, कारण खोलीतल्या लेआउटवर पावणेतीन टक्क्यांपर्यंतचा चढ चालवून घेता येतो. खालच्या वळशापासून वरच्या वळशापर्यंत 15 सेंटीमीटर उंची गाठायची होती आणि त्यासाठी साडेपाच मीटर अखंड चढ लागला. तीन भिंतींच्या कडेने तो बसला. अप आणि डाउन हे दोन्ही मार्ग दोन्ही टोकांना कड्याखाली दडवलेल्या वळशांनी एकमेकांना जोडले आहेत, त्यामुळे संपूर्ण मांडणी ही प्रत्यक्षात एकच लांब बंद कडी आहे आणि उलट्या ध्रुवतेची भानगड उद्भवत नाही. घाटात आज तीन मार्ग आहेत. मी दोनच घेतले आहेत. वळणांची त्रिज्या 61 सेंटीमीटरच्या खाली कुठेही जाऊ दिलेली नाही. तरीसुद्धा हिशेब केला तर प्रत्यक्षात ती 53 मीटर होते, आणि मुख्य मार्गावर असे वळण कोणताही अभियंता मान्य करणार नाही. म्हणून प्रेक्षक उभा राहतो तिथून प्रत्येक तीव्र वळणाचा निम्मा भाग बोगद्यात किंवा कड्याच्या आड जाईल, अशी रचना केली आहे.

भारतीय ब्रॉडगेजचे मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला गेजचा, म्हणजे दोन रुळांमधील अंतराचा प्रश्न सोडवावा लागतो, म्हणून माझी बाजू एकदा मांडून ठेवतो. 1676 मिलिमीटरला 87 ने भागले की 19.3 मिलिमीटर येतात, तर बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा असतो. रूळ आहे तसा ठेवून गाड्या सुमारे 1:102 प्रमाणात करणे हा एक पर्याय. पण मग प्रत्येक माणूस, खांब आणि घर स्वतः बनवावे लागते. रूळ स्वतः 19.3 मिलिमीटरवर घालणे हा दुसरा पर्याय असून तो ज्यांना साधतो त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मी 16.5 मिलिमीटर स्वीकारले आणि त्याऐवजी रुळाच्या उंचीकडे लक्ष दिले. भारतीय रेल्वेचा मीटरला 52 किलोचा रूळ 156 मिलिमीटर उंच असतो, म्हणजे 1:87 मध्ये 1.8 मिलिमीटर, आणि कोड 70 रूळ (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली रुळाची उंची) जवळजवळ तेवढाच आहे. सहज मिळणारा कोड 100 रूळ या हिशेबाने 22 सेंटीमीटर उंचीचा ठरतो. बाजूने पाहताना डोळ्याला गेजमधील फरकापेक्षा रुळाची ही जाडी आधी खटकते, असे माझे ठाम मत आहे. दडवलेल्या भागात मात्र कोड 100च आहे, कारण तिथे दिसण्यापेक्षा गाडी न घसरणे महत्त्वाचे.

आता कड्यांविषयी. रबरी साच्यात प्लास्टर ओतून खडक काढण्याची पद्धत सोपी आहे, परंतु बाहेरून येणारे बहुतेक साचे ग्रॅनाइटसारख्या, उभ्या-आडव्या भेगांनी फुटलेल्या खडकाचे असतात. सह्याद्री तसा दिसत नाही. येथे लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरलेले आहेत. कठीण थर उभ्या कड्याच्या रूपाने टिकतो, मऊ थर झिजून उताराची पायरी होते, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये ठिकठिकाणी विटकरी रंगाची मातीसारखी पट्टी दिसते. त्यामुळे साचे बाजूला ठेवून थर्माकोलच्या पायऱ्यांवर बारदानाचे तुकडे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून पसरले, त्यावर सेंटीमीटरभर जाड लेप दिला आणि तो अर्धवट ओला असतानाच पातळ पात्याने कोरला. आडवी रेघ खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकाच पातळीत धावली पाहिजे, कारण थर सपाट आणि मार्ग चढता आहे. रूळ हळूहळू थरांना छेदत वर जातो, हे दिसले की चढ न सांगता कळतो. त्यासाठी भिंतीवर पाणसळीने तीन रेषा मारून घेतल्या आणि कोरताना त्यांच्याशी सतत ताडून पाहिले. रेल्वेसाठी फोडलेल्या भागांत सुरुंगाच्या पहारीचे उभे अर्धगोल खाचे दाखवले आहेत; नैसर्गिक कड्यावर ते नाहीत.

रंगाच्या बाबतीत काळ्या रंगाचा मोह टाळावा. कातळ काळा दिसतो तो पावसात. कोरडा झाला की तो करडा, किंचित तपकिरी होतो आणि त्यावर पाण्याच्या जुन्या वाटांचे काळपट ओघळ उरतात. मी दसरा-दिवाळीच्या दरम्यानचा घाट निवडला आहे. भर पावसातील धबधबे मॉडेलवर करण्याची हौस अनेकांना असते, परंतु गोठलेले पाणी आणि धावती गाडी एकत्र पाहिले की मला पाणी खोटे वाटते. आश्विनात गवत सोनेरी पिवळे होते, झाडे अजून हिरवी असतात, आणि कातळाचे थरही उघडे दिसतात. गवतासाठी 2 आणि 4 मिलिमीटरचे स्थिरविद्युत तंतू तीन छटांत मिसळून वापरले. झाडांची खोडे वाळलेल्या काटक्यांची असून पालवी काथ्यावर चिकटवलेल्या रंगीत भुशाची आहे. जमिनीच्या वरच्या थरासाठी धुऊन वाळवलेला चहाचा चोथा चाळून घेतला, तर उत्तम पालापाचोळा होतो.

खडीच्या कामाला अपेक्षेपेक्षा अधिक वेळ गेला. रेल्वेची खडी 65 मिलिमीटरच्या चाळणीतली, म्हणजे 1:87 मध्ये पाऊण मिलिमीटर. विकतच्या खडीचा कण याच्या दुप्पट असतो आणि रंगही परका असतो. खडी क्रशरवरची बारीक कच आणली, धुतली, वाळवली आणि रव्याच्या व मैद्याच्या चाळणीतून काढून मधला भाग ठेवला. रंगाचा प्रश्नच उरला नाही, कारण दगड तोच आहे. मात्र एक सावधगिरी अत्यावश्यक आहे: आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि त्याचे कण इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटून गिअरमध्ये जातात. कच पातळ थरात पसरून तिच्यावरून कागदात गुंडाळलेले शक्तिशाली चुंबक वारंवार फिरवावे, आणि त्याला काही चिकटेनासे होईपर्यंत थांबू नये. पसरलेल्या खडीवर आधी साबणाचे थेंब टाकलेले पाणी फवारून मग पातळ केलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडले.

खडी वाळल्यावर दोन्ही मार्गांना वेगवेगळा रंग दिला आहे आणि या लेआउटवरील ही माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. मुंबईकडे येणारी अप गाडी घाट उतरते; त्या काळच्या ओतीव लोखंडी ब्रेक ब्लॉकची झीज सतत खाली पडत असल्याने त्या मार्गाची खडी, रुळांच्या कडा आणि स्लीपर गंजाच्या तपकिरी रंगाचे होतात. डाउन मार्गावर गाडी चढते, तिथे चाके घसरू नयेत म्हणून इंजिन वाळू सोडते आणि रुळालगत फिकट पट्टे उमटतात. एअरब्रशने अप मार्गावर तीन हातांत पातळ तपकिरी आणि डाउन मार्गावर रुळाच्या आतल्या बाजूला जरासा वाळूचा रंग एवढेच केले. फोटोत दोन्ही मार्ग एकाच वेळी दिसले की गाडी नसतानाही कोणती बाजू चढाची आहे ते ओळखता येते.

बँकरची जुळवणी विद्युतदृष्ट्या सोपी, पण वर्तनाच्या दृष्टीने नाजूक आहे. आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीचा प्रवासी डबा 1:87 मध्ये साडेचोवीस सेंटीमीटर होतो, म्हणून गाडी सात डब्यांवर थांबवली. मागून ढकलताना हलका डबा वळणावर बाहेर उडतो. त्यामुळे एनएमआरए या अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रत्येक डब्याचे वजन शिशाच्या पट्ट्यांनी 165 ग्रॅमपर्यंत आणले आणि ते शक्य तितके खाली, बोगींच्या (चाकांच्या सांगाड्यांच्या) वर ठेवले. दोन्ही इंजिनांचे डीसीसी डिकोडर (रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञा वाचणारे भाग) आधी एकटे चालवून 28 टप्प्यांच्या वेगतक्त्यात जुळवले. त्यानंतर बँकरचा वेग पुढच्या इंजिनापेक्षा किंचित कमी ठेवला आणि त्याचे बॅक-ईएमएफ नियंत्रण (भार बदलला तरी मोटारीचा वेग कायम राखणारी सोय) सौम्य केले, कारण दोन्ही इंजिने आपापला वेग हट्टाने राखू लागली की मधल्या डब्यांची ओढाताण होते. आता पुढचे इंजिन चढावर साधारण चार डबे पेलते आणि उरलेल्यांचा भार बँकरवर येतो, म्हणजे बँकर केवळ शोभेचा राहिलेला नाही.

उतरणीच्या बाजूला कॅच सायडिंगही कार्यान्वित झाली आहे. घाट उतरणारी गाडी केबिनजवळ थांबल्याशिवाय सांधा मुख्य मार्गाकडे वळत नाही; ताबा सुटलेली गाडी तशीच डोंगरावर चढणाऱ्या सायडिंगमध्ये जाऊन थांबावी, ही त्यामागची योजना. मॉडेलवर सांधा सर्वो मोटारीने सायडिंगकडेच लावलेला असतो. अवरक्त सेन्सरसमोर गाडी 20 सेकंद उभी राहिली की आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक सांधा फिरवतो आणि मगच सिग्नल पडतो. चालवणाऱ्याने घाई केली तर गाडी सायडिंगच्या 1:15 चढावर जाऊन वाळूत रुतते, आणि भेटीला येणाऱ्या मुलांना नेमके तेच करून पाहायचे असते.

ओव्हरहेड तारांचे काम अजून बाकी आहे. 61 सेंटीमीटरच्या वळणावर खांबांमध्ये 25 सेंटीमीटर अंतर ठेवले तर तार मध्यभागी सुमारे 13 मिलिमीटर आत सरकते आणि पेंटोग्राफवरून (इंजिनाच्या छतावरील प्रवाह घेणाऱ्या दांडीवरून) निसटण्याची शक्यता राहते. 20 सेंटीमीटरवर हाच सरकाव 8 मिलिमीटर होतो आणि तो खांबाशी व मध्यभागी अर्धा-अर्धा वाटता येतो. म्हणून वळणावर 20 आणि सरळ भागात 45 सेंटीमीटर हे अंतर ठरवले आहे. डीसी मार्गाला कमी व्होल्टेजमुळे लहान इन्सुलेटर पण जास्त प्रवाहामुळे जाड तारा लागत, म्हणून 25 किलोव्होल्टसाठी बनवलेले तयार खांब वापरता येणार नाहीत. पितळी पट्ट्यांचे पहिले चार खांब डाकून झाले आहेत. त्यानंतर रेल्वे कर्मचारी ज्याला खेकडा म्हणत त्या डब्ल्यूसीजी-1ची पाळी आहे. त्याच्या जोडदांड्यांची मापे मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातील जतन केलेल्या इंजिनावरून घेण्याचा विचार आहे. पुढच्या दोन चाकसंचांवरील आवरणाचे बाजूने काढलेले जुने फोटो कोणाकडे असतील तर ते पाहायला मिळाल्यास पत्रा कापण्यापूर्वी आराखडा नक्की करता येईल.