२०१२ सालात अडकलेला कॉम्प्युटर

बाबांचा फोन. "अगं, एकही साइट उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय. मेलही येत नाहीये."

मी कॅशे साफ करायला लावली, ब्राउझर काढून पुन्हा टाकायला लावला. ढिम्म! शेवटी विचारलं, "खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

"१ जानेवारी २०१२."

घ्या! साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटला मुदत असते, आणि या कॉम्प्युटरच्या लेखी ती अजून सुरूच झाली नव्हती.

दोषी निघाला मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल. नाण्याएवढा, ३ व्होल्टचा, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो, आणि बाबा तर रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणारच (बिल!).

नवा सेल बसवला. जुना त्यांनी डबीत जपून ठेवलाय. वजनकाट्याला चालेल म्हणे.