लेण्या-वीरगळांसाठी कॅमेरा घेताना: मिररलेस की खिशातला छोटा?

आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, सुट्टी मिळाली की वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड), लेणी, जुनी देवळं बघत फिरायचं, नोंदी करायच्या, फोटो काढायचे. आत्तापर्यंत सगळं मोबाईलवरच चाललं होतं आणि उन्हात मोबाईल मस्त काम करतो, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. अडचण आली ती शिलालेखांची. घरी येऊन फोटो मोठा केला की ही अक्षराची कड आहे की दगडातली चीर आहे हेच कळेना. मोबाईल कमी उजेडात बऱ्याच फ्रेम एकत्र करतो, नॉइज पुसतो आणि मग कडा धारदार करून देतो, माणसांच्या फोटोत ते छानच दिसतं, पण झिजलेल्या दगडावर तो जिथे खरखर पुसतो नेमका तिथेच एखादा काना नाहीतर अर्धी मात्रा उरलेली असते. आमच्यातले एक सर यादवकाळातले लेख वाचायला बसतात, ते म्हणाले, "ताई, फोटो सुंदर आलाय हो, पण वाचता येत नाहीये." तेव्हा ठरवलं की आता कॅमेरा घ्यायचाच.

आता कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दोन गट पडतात आणि दोन्ही गटांची माणसं मला भेटली. एक म्हणतो मिररलेस घे, लेन्स बदलता येते, सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मोठा, आयुष्यभर पुरेल. दुसरा म्हणतो एवढं धूड कोण वागवणार, खिशात बसणारा एक इंच सेन्सरवाला कॉम्पॅक्ट घे, कायम जवळ राहील. दोन्ही पटत होतं म्हणून तर घोळ होता. साधे छोटे डिजिटल कॅमेरे आता जवळपास संपलेच आहेत. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे गेले होते आणि त्यातले बहुतेक असेच छोटे होते, ते मोबाईलने खाल्ले. उरले ते बहुतेक मोबाईलपेक्षा खरंच मोठा सेन्सर असलेले मोजके, त्यातले मी विचारात घेतले ते म्हणजे सोनीची आरएक्स १०० सिरीज, कॅननचा जी सेव्हन एक्स मार्क थ्री, रिकोचा जीआर थ्री. म्हणजे स्पर्धा या तिघांची आणि सुरुवातीच्या किमतीतल्या मिररलेसची, माझ्या बजेटमध्ये तो कॅननचा आर ५० निघाला.

एक इंच म्हणतात तो सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर. आर ५० चा सेन्सर एपीएस-सी नावाच्या मापाचा, २२.३ बाय १४.९, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास तिप्पट. एवढं वाचून कोणीही मिररलेसच घेईल. पण सेन्सर एकटा काही करत नाही, त्याच्यापुढे लेन्स काय आहे ते बघावं लागतं आणि हे मला कुठल्याही दुकानात कोणी सांगितलं नाही, घरी कागद-पेन घेऊन बसल्यावर समजलं. हिशोब सोपा आहे, लेन्सच्या एफ नंबरला (लेन्स किती उघडते तो आकडा, लहान म्हणजे जास्त उघडी) सेन्सरच्या क्रॉप फॅक्टरने (फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरपेक्षा आपला किती पट लहान तो आकडा) गुणायचं, उत्तर जितकं लहान तितका एकूण प्रकाश जास्त. आर ५० बरोबर जी किट लेन्स येते ती १८-४५, एफ ४.५ ते ६.३. क्रॉप १.६. म्हणजे ७.२ ते १०. जी सेव्हन एक्सची लेन्स एफ १.८ ते २.८, क्रॉप २.७, म्हणजे ४.९ ते ७.६. आता बघा, किट लेन्स लावलेल्या मिररलेसपेक्षा ३०४ ग्रॅमचा खिशातला कॅमेरा जास्त प्रकाश गोळा करतोय! वाइड टोकाला तर दुप्पट. मी हे दोन-तीनदा करून बघितलं, सरांनाही करायला लावलं, तेच उत्तर आलं.

म्हणजे जी माणसं किट लेन्सवर मिररलेस घेतात आणि ती लेन्स कधीच बदलत नाहीत त्यांनी अंधारातल्या फोटोसाठी म्हणून तो घेतला असेल तर पैसे आणि वजन दोन्ही जास्त दिलंय असं माझं स्पष्ट मत आहे. ऑटोफोकस, पकड, व्ह्यूफाइंडर यासाठी घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

पण तोच हिशोब प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सला लावला की चित्र उलटं होतं. कॅननची आरएफ ३५ मिमी एफ १.८ मॅक्रो आयएस, १.८ गुणिले १.६, म्हणजे २.९. तेवढ्याच अंतरावरून तेवढीच चौकट घेतली तर कॉम्पॅक्टच्या सहा-सात पट प्रकाश. तेव्हा माझ्यासाठी प्रश्नच बदलला, मिररलेस की कॉम्पॅक्ट हा नाहीच, कॉम्पॅक्ट की मिररलेस-अधिक-प्राइम हा खरा प्रश्न. आणि दुसऱ्याची किंमत अर्थातच वाढते.

कागदावरचं कागदावर राहू नये म्हणून जी सेव्हन एक्स आणि दोन्ही लेन्ससकट आर ५० भाड्याने घेतले. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारसाठी कॅमेरे भाड्याने देणारे भरपूर आहेत, आधार कार्डची कॉपी आणि डिपॉझिट दिलं की काम होतं, आणि मी तर म्हणेन की एवढे पैसे घालायच्या आधी हे प्रत्येकाने करावं. दुकानात काउंटरवर पाच मिनिटं हातात घेऊन काहीही समजत नाही, तिथे ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असतो आणि समोर सेल्समन उभा असतो.

पहिल्यांदा गेलो बेडसे लेण्यांना, कामशेतच्या बाजूला, चारेकशे पायऱ्या आहेत. मुद्दाम लवकर निघालो कारण चैत्यगृह पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन थेट आत येतं. व्हरांड्यातले ते प्रचंड खांब, वरती घोडे-हत्ती-बैलांवर बसलेली जोडपी, बघत राहावं असं काम आहे. तिथे एका खोलीच्या दारावर ब्राह्मीत छोटा लेख आहे, नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचं दान. मला तोच हवा होता. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या ठिकाणी ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते त्यामुळे सगळं हातात धरूनच काढायचं, आणि फ्लॅशचा लेखाला तसाही उपयोग नाही. समोरून उजेड मारला की खोदलेली अक्षरं सपाट होतात, दिसेनाशी होतात. उजेड बाजूने, तिरपा, जवळजवळ भिंतीला चिकटून यायला हवा, मग प्रत्येक रेघेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर वर उठून येतं. म्हणजे एका हातात टॉर्च लांब धरायची आणि दुसऱ्या हातात कॅमेरा.

इथे कॉम्पॅक्टने मला खरंच जिंकलं होतं. एका हातात आरामात धरता येतो, अंगठ्याने सगळी बटणं, स्क्रीन वाकवता येते. किट लेन्सवाला आर ५० त्याच जागी एफ ६.३ ला अडकला, शटर १/८ सेकंदावर आला, म्हणजे हात जरा हलला की फोटो हलणार, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवला तर दाणे दिसायला लागले. मग ३५ मिमी लावली. तेवढ्याच आयएसओला एफ १.८ वर शटर १/१०० पर्यंत गेला, शिवाय लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) आहे त्यामुळे शटर परत थोडा खाली आणून आयएसओ कमी करता आला. घरी येऊन लॅपटॉपवर तीनही फोटो शेजारी शेजारी लावले. कॉम्पॅक्टचा फोटो वाचता येत होता, मोबाईलपेक्षा कितीतरी बरा. पण ३५ मिमीच्या फोटोत छिन्नीचा घाव कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते दिसत होतं. खोदलेली रेघ आत उतरत जाते, तिला तळ असतो, चिरेला तसा तळ नसतो, हा फरक त्या फोटोत डोळ्यांना दिसत होता. सर बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते मोठं करून बघत बसले.

दुसऱ्यांदा किकलीला, वाईजवळ, चंदन-वंदनच्या पायथ्याला. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांची रांगच आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, सगळ्यात खाली लढाई आणि मेलेला वीर, मग अप्सरा त्याला वर नेतायत, मग तो शिवलिंगाची पूजा करतोय, सगळ्यात वर कलश. आणि नेमका खालचा लढाईचा कप्पा बऱ्याच ठिकाणी मातीत अर्धा गेलेला असतो, त्यामुळे कॅमेरा अगदी जमिनीला टेकवून धरावा लागतो. इथे रिकोचा जीआर थ्री माझ्या यादीतून गेला, मनापासून वाईट वाटलं कारण २५७ ग्रॅममध्ये एपीएस-सी सेन्सर आणि आत स्टॅबिलायझेशन, असा दुसरा कॅमेरा मला तरी दिसला नाही. पण त्याची स्क्रीन हलत नाही, मी काय दरवेळी चिखलात आडवी पडणार नाही. शिवाय लेन्स फिक्स, फुल फ्रेमच्या हिशोबात २८ मिमी, झूम नाही, आणि बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार एका चार्जमध्ये साधारण २०० फोटो. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांसाठी मात्र तो अप्रतिम आहे, ते लोक त्याच्यावर जीव टाकतात ते उगाच नाही.

उन्हात मात्र कॉम्पॅक्ट आणि आर ५० या दोघांमध्ये फारसा फरक नव्हता हेही सांगायला हवं. एफ ८ ला भर उजेडात काढलेले वीरगळांचे फोटो मी नावं झाकून दाखवले तर ग्रुपमध्ये कोणालाही ओळखता आले नाहीत. दोन्ही कॅमेऱ्यांत काळा पाषाण राखाडी येतो कारण कॅमेऱ्याला सगळं मध्यम उजेडाचंच वाटतं, एक्स्पोजर थोडं मायनसला घ्यायचं की दगड दगडासारखा दिसतो. कॉम्पॅक्टचा एक फायदा तर उलटा निघाला, छोट्या सेन्सरमुळे सगळंच फोकसमध्ये राहतं. ३५ मिमी १.८ ला उघडली आणि कॅमेरा दगडाला थोडा जरी तिरका झाला तर एका बाजूची अक्षरं धूसर होतात. त्यामुळे ग्रिड लाइन चालू ठेवून कॅमेरा दगडाला समांतर धरायची सवय लावून घ्यावी लागते.

वजनाचं म्हणाल तर आर ५० बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, लेन्स ३०५, म्हणजे ६८० ग्रॅम. कॉम्पॅक्टच्या दुपटीहून जास्त आणि खिशात जात नाही, सॅकमध्ये जागा करावी लागते. एका हातात धरून दुसऱ्या हाताने टॉर्च मारता येते पण मनगट लवकर दमतं, आता आम्ही टॉर्च दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देतो.

विकत घ्यायला फोर्टमध्ये गेले, सीएसएमटीसमोर डी. एन. रोडच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत तिकडे. छोट्या कॅमेऱ्यांना सध्या परत मागणी आलीय, रील करणारी मुलं शोधत असतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी माल नव्हता. एका दुकानात सरळ सांगितलं, "मॅडम, बिलात हवा तर वेळ लागेल, बिनबिलाचा आत्ता देतो." आणि तोही जास्त किमतीला. बिनबिलाचा म्हणजे वॉरंटी नाही, आणि बाहेर येणाऱ्या लेन्सचा कॉम्पॅक्ट बिघडला तर सगळाच उघडावा लागतो, तो मोह कोणी करू नये. मी जीएसटीचं बिल घेऊन आर ५० ची नुसती बॉडी मागितली, किट लेन्स नको म्हटलं, दुकानदाराला जरा आश्चर्य वाटलं. ३५ मिमी सेकंडहँड मिळाली. सेकंडहँड लेन्स घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघायचं, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त दिली तरी घ्यायची नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हा लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यातच कॅमेरा ठेवते, पुड्यांचा रंग बदलला की नवीन. लेदरच्या पाऊचमध्ये बंद करून कपाटात तर अजिबात नाही.

माझी धाकटी बहीण यंदा वारीला आळंदीपासून चालणार आहे, तिनेही विचारलं काय घेऊ. तिला मी कॉम्पॅक्टच घ्यायला सांगितलं, एका क्षणात. दिवसभर चालायचं, उजेड भरपूर, गर्दीत लेन्स बदलायची सोय नाही, माणसांचे चेहरे टिपायचे तर मोठा कॅमेरा समोर आला की माणसं अवघडतात, आणि २४ ते १०० मिमीचा झूम तिथे पुरतो. फक्त पाऊस आहे, तो कॅमेरा वॉटरप्रूफ नाही, म्हणून झिपची जाड पिशवी आणि एक जास्तीची बॅटरी बरोबर घे म्हटलंय. बिलातला मिळेपर्यंत थांबायची तिची तयारी आहे, दोन दुकानांत नाव नोंदवून ठेवलंय, आणि नाहीच मिळाला तर त्या दिवसांपुरता भाड्याने घेऊ.